कोकणातल्या पावसात कोंबड्यांची गादी कोरडी ठेवायची तर

खुराड्यात खाली गादी म्हणून, म्हणजे जमिनीवर पसरायचा थर म्हणून, काय घालू, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: पाणी कुठून शिरतंय? आमच्या लांज्याकडे जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा चुलीवर वाळवावे लागतात. जमीन आणि पागोळ्या धड नसतील तर तूस घाला नाहीतर भुसा, दोन्ही सारखंच कुजणार.

म्हणून आधी जोतं. अंगणापेक्षा निदान फूटभर उंच हवं. आपल्याकडे चिऱ्याला तोटा नाही, तेव्हा जांभ्याचं जोतं आणि वर सिमेंटचा कोबा करावा. कोब्याला दाराकडे दहा फुटांना दोन इंच उतार द्या, म्हणजे धुतल्यावर पाणी साचत नाही. गवंड्याला आधीच बजावून ठेवा, घोटून आरसा करू नकोस म्हणून. गुळगुळीत जमिनीवर पिल्लांचे पाय फाकतात, ती मग उभीच राहत नाहीत. घरात उरलेल्या चकचकीत टाइल्स खुराड्यात बसवण्याचा मोहही त्याचसाठी टाळा.

सासूबाई अजून म्हणतात, शेणाने सारवलेली जमीनच बरी. दहाबारा गावठी कोंबड्या, दिवसभर परड्यात फिरून रात्रीपुरत्या आत येणाऱ्या, असतील तर त्यांचं खरंच आहे. पण कोंबड्या दिवसभर कोंडल्या की उकरून खड्डे पाडतात, जंतांची अंडी मातीत राहतात, घूस खालून बीळ काढते आणि त्याच बिळातून मग मुंगूस येतो. मातीचीच जमीन ठेवायची असेल तर खाली अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी पुरा आणि भिंतीच्या बाहेरही दीडेक फूट पसरा.

पोफळीच्या रिपांची उंच जमीनही पुष्कळजण करतात. शीट खाली पडते, गादीचा खर्च वाचतो. मात्र फटी इंचापेक्षा कमी ठेवा आणि रिपांच्या कडा तासून घ्या. नाहीतर तळपायाला जखम होऊन गळू धरतं. पिल्लांना ही जमीन नकोच, पाय अडकतात.

आता गादी. कोकणात भाताचं तूस सोडून दुसरीकडे बघायची मला गरज वाटत नाही. ते हलकं असतं, ढेकळं कमी धरतं आणि गिरणीत सहज मिळतं. गिरणी कोणती ते मात्र बघा. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र पडतो. कोंड्याला बुरशी लवकर येते, शिवाय उंदरांची चंगळ. रबर रोलरच्या गिरणीतलं स्वच्छ तूस आणा. पोत्यात हात घालून वास घ्या. कुबट वास आला तर फुकट दिलं तरी नको, बुरशीने पिल्लांची फुप्फुसं धरतात.

लाकडाचा भुसा घ्यायचा तर रंध्याचा जाडसर घ्या. करवतीची पूड डोळ्यानाकात जाते, पिल्लं ती खातातही. प्लायवूडचा आणि औषध लावलेल्या लाकडाचा भुसा घेऊच नका. घाटावर भुईमुगाची टरफलं वापरतात, कोरडी असतील तर उत्तम, पण आमच्या हवेत त्यांना बुरशी धरते. पेंढा जमिनीवर घालू नका, दाबून त्याची चटई होते आणि खाली सगळं सडतं. अंड्यांच्या खोक्यात मात्र पेंढ्यासारखं दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात दोन इंच थर पुरतो. पावसाळ्याच्या तोंडावर चारेक इंच करा आणि वरून थोडं थोडं घालत सहा इंचांपर्यंत न्या. मोठ्या कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा द्या. दाटी झाली की कितीही तूस ओता, ओलंच राहणार. पिल्लं आणली की पहिले दोनतीन दिवस तुसावर नालीदार पुठ्ठा अंथरा, म्हणजे ती तुसालाच खाद्य समजून टिपत नाहीत.

गादी पावसापेक्षा जास्त भिजते ती पाण्याच्या भांड्याने. भांडं विटेवर ठेवा, काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे. जमलं तर निपल, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब थेंब पाणी देणारी तोटी, लावा. रात्री बसायच्या आडव्या दांडीखाली सर्वात जास्त शीट पडते, तिथे फळी ठेवून ती सकाळी खरवडली की निम्मं काम हलकं होतं. बाकी गादी दोनतीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करा. मूठभर तूस दाबून बघा: हात उघडल्यावर विस्कटलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे, आणि नुसता धुरळा उडाला तर फार सुकलंय, पाण्याचा हलका शिपका द्या.

वास आला की चुना टाका, असं जो तो सांगतो. माझं ऐकाल तर ओल्या गादीवर टाकू नका, अमोनिया उलट जास्त सुटतो. ओला भाग फावड्याने काढा, कोरडं तूस घाला. चुना विझवलेला घ्यावा आणि नवी गादी घालण्याआधी रिकाम्या कोब्यावर पातळ भुरभुरावा. नाकाला झोंबेपर्यंत थांबूही नका. कोंबडीचं नाक जमिनीलगत असतं, तुम्हाला उभ्याने वास येतो तेव्हा तिचे डोळे चुरचुरायला लागलेले असतात. वारा खेळायला हवा, म्हणून नैऋत्येकडची ताडपत्री खालून वर ओढून बांधा आणि वर फूटभर उघडं सोडा.

एवढी काळजी कशाला, तर रक्ती हगवणीसाठी. तिचे जंतू उबेत आणि ओलीत दोनेक दिवसांत रोग लावण्याजोगे होतात, आणि फिनेलने ते मरत नाहीत. शीट लाल दिसली तर त्या पक्ष्यांना वेगळं काढून पशुवैद्यकाला दाखवा. गादी सगळी काढा, कोबा धुऊन पूर्ण वाळू द्या आणि मग फ्लेम गन, म्हणजे ज्वाळा सोडणारा बर्नर, फिरवा. झापं आणि ताडपत्री आधी सोडून ठेवायला विसरू नका.

काढलेलं तूस ताजंच माडांना घालू नका, मुळं होरपळतात. पाला मिसळून खड्ड्यात तीनचार महिने कुजवा, मध्ये एकदोनदा उलटा. रोग झालेल्या खेपेचं तूस परड्यात कोंबड्या फिरतात तिथे अजिबात पसरू नये.