ओएसपीएफमध्ये स्टब, टोटली स्टबी की एनएसएसए? एरिया असा सेट करा

ब्रांचचा राउटर छोटासा, बाहेर पडायला त्याला रस्ता एकच, तरी त्याच्या टेबलात अख्ख्या कंपनीचे रूट कोंबलेले असतात, काही गरज नसते त्यांची. ओएसपीएफ म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते (रूट) सांगतात तो प्रोटोकॉल, त्यात नेटवर्कचे भाग म्हणजे एरिया पाडतात, आणि एरिया टाइप ह्यासाठीच आहेत. काम दोन-चार ओळींचं, फक्त कुठली ओळ कुठल्या राउटरवर टाकायची ते पक्कं पाहिजे. खालच्या कमांड सिस्कोच्या आहेत.

आधी एवढंच बघा, ह्या एरियातला एखादा राउटर बाहेरचे रूट (बीजीपी, ईआयजीआरपी, स्टॅटिक) रीडिस्ट्रिब्यूट करतोय का, म्हणजे ओएसपीएफमध्ये आणून सोडतोय का? नसेल तर स्टब (बाहेरचे रूट आत न घेणारा एरिया), असेल तर एनएसएसए (नॉट-सो-स्टबी एरिया), कारण स्टबमध्ये टाइप ५ एलएसए, म्हणजे बाहेरच्या रूटची माहिती देणारा ओएसपीएफचा संदेश, चालतच नाही. एरिया ० ला हात लावू नका, तो बॅकबोन म्हणजे बाकीचे एरिया जोडणारा मधला एरिया, तो स्टब होत नाही, आणि ज्यातून व्हर्च्युअल लिंक (बॅकबोनशी जोडायला दुसऱ्या एरियातून काढलेली आभासी जोडणी) गेलीये तो एरियाही नाही.

आता 'राउटर ओएसपीएफ १' मध्ये जाऊन 'एरिया १ स्टब' टाका, आणि हे त्या एरियातल्या प्रत्येक राउटरवर. बरेच जण फक्त एबीआरवर (एरियाला बॅकबोनशी जोडणारा राउटर) टाकतात आणि तिथेच अडकतात. राउटर एकमेकांना ओळख द्यायला हॅलो पॅकेट पाठवतात, त्यात ई-बिट असतो, स्टब केलं की तो बंद होतो, आणि दोन्हीकडे सारखा नसेल तर नेबर (शेजारच्या राउटरशी ओएसपीएफची जोडणी) बनतच नाही, १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्येच तसं आहे. इंटरफेस अप, पिंग जातोय, नेबर मात्र गायब, मग लोक केबल बदलत बसतात. 'डीबग आयपी ओएसपीएफ हॅलो' लावा, 'मिसमॅच्ड स्टब/ट्रान्झिट एरिया ऑप्शन बिट' दिसलं की समजा हेच आहे.

कमांड टाकली की नेबर पडणारच, म्हणून डाउनटाइम घ्या. आणि लांबून करत असाल तर सगळ्यात टोकाच्या राउटरपासून सुरू करून एबीआर शेवटी करा, उलटं केलंत तर टोकाच्या राउटरपर्यंत पोचायचा रस्ताच तुटतो. नेबर परत आले की कॉन्फिग सेव्ह करायचं विसरू नका.

मग 'शो आयपी रूट ओएसपीएफ' बघा. ई१, ई२ वाले (बाहेरचे) रूट गेलेले असतील आणि त्यांच्या जागी ओ स्टार आयए (O*IA) असा डिफॉल्ट रूट, म्हणजे टेबलात नसलेल्या सगळ्यासाठीचा एकच रस्ता, आलेला असेल, तो एबीआर स्वतःच पाठवतो.

रस्ता एकच असेल तर मी सरळ टोटली स्टबी करते. एबीआरवर 'एरिया १ स्टब नो-समरी', बाकीच्यांवर साधं स्टबच राहू द्या. दुसऱ्या एरियांचे रूट आणणारे टाइप ३ एलएसए पण बंद, फक्त डिफॉल्ट उरतो. एबीआर दोन असतील तर दोन्हीवर टाका, नाहीतर दुसऱ्याकडून सगळे रूट येतच राहतात.

एनएसएसएला सगळीकडे 'एरिया १ एनएसएसए'. बाहेरचे रूट आत टाइप ७ एलएसए म्हणून फिरतात आणि एबीआर त्यांचे टाइप ५ करून पुढे देतो. पण साध्या एनएसएसएत डिफॉल्ट आपोआप येत नाही! दुसरीकडचे टाइप ५ तर आधीच अडवलेत, म्हणजे तिकडे जायला रस्ताच नाही. एबीआरवर 'एरिया १ एनएसएसए डिफॉल्ट-इन्फॉर्मेशन-ओरिजिनेट' टाका, किंवा 'नो-समरी' लावा, मग डिफॉल्ट तो आपणहून देतो.