टोल रस्त्याचा अंदाज चुकतोय? या चुका टाळा

कागदावर रोज ४० हजार गाड्या आणि नाक्यावर २५ हजार. असा फरक दिसला की बहुतेक जण आधी वाहतूकवाढीचा दर खालीवर करून बघतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नका. आधी शेजारचा रस्ता बघा.

टोलच्या रस्त्याची खरी चढाओढ फुकटच्या रस्त्याशी असते, आणि तो कधी बदलेल सांगता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई आणि नवी मुंबईला जोडणारा समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला तेव्हा कारला एकेरी २५० रुपये होते. वाशीमार्गे जाणाऱ्याला ४५ रुपये पडायचे, म्हणजे फरक २०५ चा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. सेतूचा दर होता तेवढाच राहिला, तरी कारवाल्याच्या हिशेबात तो ४५ रुपयांनी महागला. म्हणून पर्यायी मार्गाचा टोल आणि गर्दीच्या वेळी लागणारी मिनिटं शीटमध्ये वेगळ्या रकान्यात ठेवा. त्या मार्गाचा टोल शून्य धरूनही एकदा आकडे काढून बघा.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. उरणच्या बाजूला कंटेनरवाल्यांचा सर्व्हे होता. 'वेळ वाचला तर टोल भरून जाल का?' बहुतेकांनी हो म्हटलं आणि आम्ही खुशीत फॉर्म भरत गेलो. शेवटी एक ड्रायव्हर चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, 'साहेब, फास्टॅग शेठचा आहे. कुठून जायचं ते शेठ ठरवतो.' पैसे भरणाऱ्याला आम्ही विचारलंच नव्हतं. जड वाहनांचा टोल कारच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे इथली चूक थेट उत्पन्नात दिसते. सर्व्हेत मालक आणि ट्रान्सपोर्टवाले हवेतच.

तिसरी चूक गुणाकाराची. गाड्या गुणिले एकेरी दर म्हणजे उत्पन्न नव्हे. सेतूवर कारचा परतीचा पास ३७५ रुपयांना ठरला होता, म्हणजे फेरीला १८७.५०. समजा रोजच्या १० हजार फेऱ्यांपैकी ६ हजार परतीच्या पासावर झाल्या, तर २५ लाखांऐवजी २१.२५ लाख जमतात. वर्षाला हा खड्डा १३ कोटींच्या वर जातो, आणि मासिक पास अजून धरलेलेच नाहीत.

गाड्या मोजायचा आठवडाही जपून निवडा. गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतले आकडे वर्षभरावर पसरू नका. नव्या पुलावर पहिले काही आठवडे बघ्यांची गर्दी असते, तीही वजा करा.

ऑगस्ट २०२५ पासून सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. या कार वाहनसंख्येच्या बेरजेत धरा, वसुलीच्या बेरजेत नको.