भिंतीजवळ आणि पोहण्याच्या तलावाजवळ सावलीचे झाड लावताना या चुका टाळा

कुंपणभिंतीला तडा गेला की पहिला संशय शेजारच्या झाडावर घेतला जातो आणि पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे सावली देणारे झाड आठवडाभरात तोडले जाते. खरी चूक बहुतेक वेळा रोप लावण्याच्या दिवशीच झालेली असते. त्या वेळी रोप गुडघ्याएवढे असते, भिंतीलगतची जागा मोकळी असते आणि पूर्ण वाढल्यावर हे झाड किती जागा व्यापेल, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

मुळे खोल जातात हा समज

झाड वर जितके उंच, तितकेच जमिनीत खोल, असे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटरच्या थरात असतात, कारण हवा, ओल आणि अन्नद्रव्ये तिथेच मिळतात; आडवी मात्र ती पर्णसंभाराच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पसरू शकतात. त्यामुळे फांद्या भिंतीपर्यंत पोहोचलेल्या नाहीत, म्हणजे मुळेही पोहोचलेली नसतील, हा हिशेब चुकतो.

दुसरा समज असा की मुळे धडधाकट काँक्रीट फोडून आत शिरतात. मुळाचे टोक अत्यंत नाजूक असते; ते वाट काढते ती आधीच असलेल्या फटीतून, आणि जिथे ओल मिळेल तिथे जोमाने वाढते. तलावाकडे जाणाऱ्या नळीचा एखादा सांधा पाझरत असेल, तर केसाएवढे मूळ त्यातून आत जाते आणि काही महिन्यांत नळीत तंतुमुळांचा इतका दाट गुच्छ तयार होतो की बाहेर ओढल्यावर तो भिजलेल्या काथ्यासारखा दिसतो. हे गळतीचे निमंत्रण आपणच दिलेले असते. म्हणून रोप लावण्यापूर्वी नळ्यांची चाचणी करून घ्यावी. फरशी, पायवाट आणि उथळ पायाची हलकी भिंत यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांच्याखाली गेलेले मूळ वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि त्यांना सहज उचलते.

मातीकडे दुर्लक्ष

काळी चिकण माती असलेल्या जागेत नुकसान मुळाचा स्पर्शही न होता घडू शकते. ही माती ओलीने फुगते आणि वाळल्यावर आकसते. मोठे झाड उन्हाळ्यात पायाजवळचे पाणी शोषून घेते, तिथली माती खचते आणि भिंतीला तडा जातो. निलगिरीसारखे भरपूर पाणी ओढणारे झाड अशा मातीत इमारतीपासून किमान त्याच्या पूर्ण वाढलेल्या उंचीइतके दूर असावे. मुरमाड जमिनीत हा धोका बराच कमी असतो.

झाडाची निवड

वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही एकाच कुळातील झाडे भिंतीजवळ किंवा तलावाजवळ लावूच नयेत. त्यांची सावली कितीही हवीहवीशी असली, तरी त्यांना मोकळे मैदानच शोभते. गुलमोहर झटपट वाढतो म्हणून अनेकांना मोह होतो, परंतु त्याची मुळे उथळ व जाड असतात, फांद्या ठिसूळ असतात आणि बारीक पर्णिका तलावाच्या जाळीतून निसटतात. तलावात पडणारा पाचोळा क्लोरीन खर्च करतो आणि कुजून शेवाळाला खाद्य पुरवतो, त्यामुळे मुळांइतकाच पानगळीचाही विचार करावा लागतो. पांढऱ्या चाफ्याची मुळे आटोपशीर असतात आणि मोठी पाने हाताने उचलता येतात, म्हणून तलावाच्या बाजूला मी त्यालाच पहिली पसंती देईन; मात्र त्याचा चीक त्वचेला त्रासदायक ठरू शकतो. कांचन आणि तामण मध्यम आकाराचे आहेत. बकुळ सावकाश वाढतो, दाट सावली देतो, पण त्याची फुले-फळे गळतात, म्हणून तो पाण्यापेक्षा भिंतीच्या बाजूला बरा. कण्हेर आणि बिट्टी यांचे सर्व भाग विषारी आहेत. मुले जिथे पोहतात तिथे ही झाडे नकोत.

अंतराचा ढोबळ नियम असा धरावा: सहा मीटरपर्यंत वाढणारे झाड किमान तीन मीटरवर, बारा मीटरपर्यंतचे पाच ते सहा मीटरवर आणि त्याहून मोठे त्याच्या उंचीइतक्या अंतरावर.

रोप घेताना पिशवी फाडून मुळे पाहावीत. पिशवीच्या आत गोलगोल गुंडाळलेली मुळे तशीच लावली, तर ती पुढे खोडालाच आवळतात आणि झाडाचा तोल कच्चा राहतो. जम बसत असलेल्या रोपाला रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे व आळे खोडापासून हळूहळू बाहेर सरकवत न्यावे. मुळे अडवणारा जाड प्लॅस्टिकचा पडदा लावायचा असल्यास तो भिंतीजवळ, साठ ते नव्वद सेंटिमीटर खोल आणि वरची कड जमिनीच्या थोडी वर ठेवून पुरावा. कड मातीखाली गेली की मुळे तिच्यावरून पलीकडे जातात.

नुकसान दिसल्यावर

आधी कारण शोधावे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि रुंदी मोजावी. तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर दोष आकसणाऱ्या मातीचा असण्याची शक्यता अधिक. मग झाडाच्या बाजूने भिंतीलगत हाताने चर खणून मूळ खरोखर पायापर्यंत आले आहे का, ते पाहावे.

तलावाचे पाणी घटत असेल तर बादली तलावाच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवावी, आतील व बाहेरील पातळीवर खूण करावी आणि चोवीस तासांनी तुलना करावी. दोन्ही सारख्या उतरल्या तर ते बाष्पीभवन आहे. तलावाची पातळी अधिक उतरली तर गळती आहे, आणि अशा वेळी झाड तोडण्याआधी सांधे तपासावेत.

मुळे छाटावी लागलीच तर खोडाच्या व्यासाच्या सहा पटींहून जवळ छाटू नयेत, म्हणजे तीस सेंटिमीटर जाडीच्या खोडापासून किमान एकशे ऐंशी सेंटिमीटर दूर. एकाच बाजूची जाड मुळे तोडलेले झाड वादळात त्या बाजूचा आधार गमावून बसते. चिकण मातीतले जुने झाड एकाएकी तोडणेही घातक ठरू शकते, कारण ते शोषत असलेले पाणी मातीत परतते, माती फुगते आणि पाया वर उचलला जातो. घर झाडानंतर बांधले असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय करवत लावू नये. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र दोन पानांचे असतानाच मुळासकट उपटावे, कारण वरून छाटलेले रोप पुन्हा फुटते आणि आतले मूळ जाड होतच राहते.