ब्रिटनच्या सरकारबद्दल मराठीत लिहिताना या चुका टाळा

आधी हे वाक्य वाचा: ‘इंग्लंडचे नवनिर्वाचित पंतप्रधान ऋषी सुनक यांचा शपथविधी पार पडला असून अर्थसचिवपदी त्यांनी जेरेमी हंट यांनाच कायम ठेवले आहे.’ ऑक्टोबर २०२२ मधल्या घडामोडींवर बेतलेलं हे नमुन्याचं वाक्य आहे. भाषा साफ आहे, व्याकरण ठीक आहे, तरी त्यात चार चुका आहेत: इंग्लंड, नवनिर्वाचित, शपथविधी आणि अर्थसचिव. बातमी, अनुवाद किंवा स्पर्धा परीक्षेचं उत्तर लिहिणाऱ्यांच्या हातून याच चुका पुन्हा पुन्हा होतात. आपली संसदीय पद्धत तिकडून आली, तेव्हा आपली पदं आणि आपले रिवाज तिकडेही असेच असणार, असं आपण गृहीत धरतो.

‘सेक्रेटरी’ दिसला की ‘सचिव’ लिहू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. होम सेक्रेटरी म्हणजे गृहमंत्री. आपल्याकडचा गृहसचिव हा सनदी अधिकारी असतो, म्हणून ‘ब्रिटनच्या गृहसचिवांचा राजीनामा’ असं वाचलं की कुणीतरी अधिकारी पायउतार झाला, असं मराठी वाचकाला वाटतं. प्रत्यक्षात पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातली एक मोठी असामी गेलेली असते. आपल्या सचिवाच्या जोडीचा तिकडचा अधिकारी म्हणजे पर्मनंट सेक्रेटरी. निवडणुकीत सरकार पडलं तरी तो आपल्या खुर्चीवर राहतो.

खरं तर मराठीने हा शब्द कधीच नीट सोडवला आहे. भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार शासन देण्याची २० ऑगस्ट १९१७ ची घोषणा करणाऱ्या माँटेग्यूला आपली इतिहासाची पुस्तकं ‘भारतमंत्री’ म्हणतात. त्याच्या पदाचं नाव होतं सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया. ‘भारतसचिव’ न म्हणता ‘भारतमंत्री’ म्हणणाऱ्यांना ते पद कळलं होतं. तोच नियम आजही लावा: परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, आरोग्यमंत्री.

काही नावं जास्त फसवी आहेत. ‘चीफ सेक्रेटरी टू द ट्रेझरी’चा ‘मुख्य सचिव’ केला, की डोळ्यांसमोर मुंबईच्या मंत्रालयातले मुख्य सचिव उभे राहतात. हा मात्र अर्थखात्यातला दुसऱ्या क्रमांकाचा मंत्री. कुठल्या खात्याला किती पैसे द्यायचे, याची घासाघीस त्याच्याकडे असते. जुलै २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात सुनक स्वतः याच पदावर होते. ‘पार्लमेंटरी अंडर-सेक्रेटरी’ म्हणजेही अवर सचिव नव्हे. तो मंत्र्यांच्या उतरंडीतला सगळ्यात खालच्या पायरीचा मंत्री. त्याच्या वर मिनिस्टर ऑफ स्टेट, म्हणजे साधारण आपला राज्यमंत्री, आणि त्याच्या वर सेक्रेटरी ऑफ स्टेट, जो मंत्रिमंडळात बसतो. याउलट कॅबिनेट सेक्रेटरी हा खरोखरच अधिकारी आहे. त्याला कॅबिनेट सचिव म्हणणं बरोबर.

शंका आली तर एवढंच तपासा: ही व्यक्ती हाउस ऑफ कॉमन्स (आपल्या लोकसभेसारखं निवडून आलेलं सभागृह) किंवा हाउस ऑफ लॉर्ड्सची (न निवडलेलं वरिष्ठ सभागृह) सदस्य आहे का? असेल तर ‘सचिव’ शब्द बाजूला ठेवा. एक अपवाद लक्षात असू द्या. पार्लमेंटरी प्रायव्हेट सेक्रेटरी हा खासदार असतो, पण मंत्री नसतो; एखाद्या मंत्र्याचा मदतनीस म्हणून तो काम करतो आणि त्या कामाचा वेगळा पगार त्याला मिळत नाही.

‘चॅन्सेलर’चंही तसंच. यांत्रिक अनुवादात त्याचा ‘कुलपती’ होतो. चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणजे अर्थमंत्री, लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे अलीकडच्या प्रथेप्रमाणे न्यायमंत्री, आणि चॅन्सेलर ऑफ द डची ऑफ लँकेस्टर या मंत्र्याचा अर्थखात्याशी संबंध नसतो. गोंधळात भर म्हणजे ट्रेझरीचा, म्हणजे अर्थखात्याचा, ‘फर्स्ट लॉर्ड’ स्वतः पंतप्रधान असतो. पंतप्रधानांच्या घराच्या, म्हणजे १० डाउनिंग स्ट्रीटच्या, काळ्या दारावरची पितळी टपालफट जवळून पाहा. तिच्यावर ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असं कोरलेलं आहे, ‘प्राइम मिनिस्टर’ नाही.

मंत्री किती असावेत, याचा नियमही आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे ९१ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये १९७५ च्या दोन कायद्यांनी थेट आकडे ठरवले: पगारी मंत्री जास्तीत जास्त १०९, आणि कॉमन्समध्ये बसणारे मंत्री, पगारी आणि बिनपगारी धरून, जास्तीत जास्त ९५.

निवडून आले, शपथ घेतली?

मतदार फक्त आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो. पंतप्रधान निवडण्यासाठी कॉमन्समध्येही मतदान होत नाही. सभागृहाचा विश्वास ज्याच्या पाठीशी राहील अशी चिन्हं असतील, त्याला राजा बोलावून घेतो आणि सरकार स्थापन करायला सांगतो. त्या भेटीतच तो पंतप्रधान होतो. राष्ट्रपती भवनासारखा जाहीर शपथविधी तिथे नसतो. पदाची औपचारिक शपथ नंतर प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, होते. म्हणून ‘२५ ऑक्टोबर २०२२ रोजी राजे चार्ल्स यांनी सुनक यांची पंतप्रधानपदी नियुक्ती केली’ असं लिहा. ‘नवनिर्वाचित’ तर मुळीच नको: पक्षनेतेपदासाठी ते एकटेच उमेदवार उरले होते, आणि सार्वत्रिक निवडणूक थेट जुलै २०२४ मध्ये झाली.

मनमोहन सिंग राज्यसभेत राहून दहा वर्षं पंतप्रधान होते. ब्रिटनमध्ये लॉर्ड सॅलिसबरी १९०२ मध्ये पायउतार झाले, त्यानंतर लॉर्ड्समध्ये बसून कुणी सरकार चालवलेलं नाही. १९६३ मध्ये पंतप्रधान झालेल्या अ‍ॅलेक डग्लस-होम यांनी उमरावपद सोडलं आणि पोटनिवडणूक लढवून कॉमन्स गाठलं. मधले काही दिवस ते कुठल्याच सभागृहात नव्हते. पंतप्रधान कॉमन्समधलाच असावा, ही प्रथा इतर बहुतेक मंत्र्यांना लागू नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांना लॉर्ड करून परराष्ट्रमंत्री केलं गेलं.

विश्वास कुणाचा गमावला?

‘अविश्वास ठराव’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ६ जून २०२२ रोजी तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर झालेलं मतदान त्यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदारांपुरतं होतं. ते २११ विरुद्ध १४८ असं त्यांनी जिंकलं. तो प्रश्न पक्षनेतेपदाचा होता. सभागृहाने सरकारवर अविश्वास दाखवण्याची शेवटची वेळ म्हणजे २८ मार्च १९७९, जेम्स कॅलाहन यांचं सरकार, ३११ विरुद्ध ३१०. बातमीत ‘पक्षांतर्गत’ की ‘संसदेतील’ हे पहिल्याच ओळीत यायला हवं.

राजीनाम्याची तारीखही इथेच चुकते. ७ जुलै २०२२ रोजी जॉन्सन यांनी पक्षनेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं. पंतप्रधान ते ६ सप्टेंबरपर्यंत होते.

उपपंतप्रधान आणि इंग्लंड

पंतप्रधान आजारी पडला की उपपंतप्रधान आपोआप त्याच्या जागी येतो, असा कायदा नाही. ते पद भरलंच पाहिजे असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये जॉन्सन अतिदक्षता विभागात होते, तेव्हा उपपंतप्रधानच नव्हता. परराष्ट्रमंत्री आणि फर्स्ट सेक्रेटरी ऑफ स्टेट (मंत्रिमंडळातला एक मानाचा हुद्दा) असलेल्या डॉमिनिक राब यांनी त्यांची कामं सांभाळली, कारण तशी जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली होती.

पंतप्रधान ब्रिटनचा, म्हणजे युनायटेड किंगडमचा असतो. इंग्लंडला वेगळा पंतप्रधान नाही. पण लंडनच्या शिक्षणमंत्र्याने शाळांबद्दल निर्णय जाहीर केला, तर तिथे मात्र ‘इंग्लंडमधील शाळा’ असंच लिहा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या शाळा त्यांची त्यांची सरकारं पाहतात.