कार्ड, पट्टी आणि एंड स्क्रीन नेमकी कितव्या सेकंदाला टाकायची? रिटेन्शन ग्राफ बघून ठरवा

बहुतेक जण व्हिडिओ अपलोड झाला की एक कार्ड (व्हिडिओ चालू असताना कोपऱ्यात येणारी, दुसऱ्या व्हिडिओकडे नेणारी छोटी लिंक) सुरुवातीला, एक मधे कुठेतरी आणि शेवटी एंड स्क्रीनचं (शेवटच्या काही सेकंदांत दिसणाऱ्या पुढच्या व्हिडिओंच्या चौकोनांचं) टेम्प्लेट चिकटवून मोकळे होतात, आणि मग कार्डावर कोणी क्लिकच करत नाही म्हणून तक्रार करतात. अहो, लोक कुठे थांबतात आणि कुठून पळतात हे यूट्यूब तुम्हाला फुकटात दाखवतंय, ते तरी बघा आधी.

समजा तुमचं रेसिपीचं चॅनल आहे आणि उकडीच्या मोदकांचा ८ मिनिटांचा व्हिडिओ टाकलाय.

१. ग्राफ उघडा, पण घाई नको

यूट्यूब स्टुडिओत जा, कंटेंटमधून तो व्हिडिओ निवडा, मग ॲनालिटिक्स, मग एंगेजमेंट टॅब. तिथे ऑडियन्स रिटेन्शनचा, म्हणजे कुठल्या क्षणी किती टक्के लोक बघत होते याचा, ग्राफ दिसेल. डेटा यायला एक-दोन दिवस लागतात, आणि आला तरी सुरुवातीचे प्रेक्षक म्हणजे घरचे आणि जुने सबस्क्रायबर, ते काहीही दाखवलं तरी बघतात, त्यामुळे आठवडाभर जाऊ द्या. व्ह्यूजच पन्नास-साठ असतील तर त्या ग्राफवरून काहीही ठरवू नका.

२. चढ-उतार वाचा

ग्राफ खाली जाणारच, सगळ्यांचाच जातो, त्याचं टेन्शन नको. बघायचं ते एवढंच की उतार अचानक कुठे तीव्र होतो आणि मधेच टेंगूळ कुठे येतं. टेंगूळ म्हणजे लोक मागे जाऊन तेवढा भाग परत बघतायत, किंवा थेट तिथेच येऊन पोचतायत.

खड्डे मात्र दोन प्रकारचे असतात आणि इथेच बरेच जण गोंधळतात. ग्राफ खाली जाऊन परत वर आला तर लोकांनी तो भाग फक्त ढकलला, म्हणजे तुम्ही दीड मिनिट नारळ खवत बसलात आणि ते सरळ सारणावर गेले. त्यावर कार्ड किंवा स्क्रीनवरच्या मजकुराच्या पट्टीचं औषध नाही, पुढच्या वेळी ते कापा. पण खाली गेला तो गेलाच, वर आलाच नाही, तर माणसं निघून गेलीत. कार्डाचा उपयोग होतो तो या दुसऱ्या प्रकारात.

प्रत्येक जागेची वेळ, तेव्हा स्क्रीनवर काय होतं आणि तुम्ही काय बोलत होतात, हे वहीत लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं त्यातच आहे.

३. आज काय बदलता येतं ते वेगळं काढा

एडिटिंगमधे टाकलेली नावाची पट्टी, मापं, बाण हे व्हिडिओत भाजले गेलेत, अपलोडनंतर ते हलत नाहीत, तो धडा पुढच्या व्हिडिओला लावायचा. कार्डं आणि एंड स्क्रीन मात्र कधीही सरकवता येतात. (पूर्वी त्या ॲनोटेशनच्या चौकटी असायच्या, मोबाईलवर चालायच्याच नाहीत, जानेवारी २०१९ मधे यूट्यूबने त्या पार काढून टाकल्या. बरंच झालं.)

४. आता जागा ठरवा

टेंगूळ आलंय तिथे "पिठी १ वाटी, पाणी १ वाटी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप" असं काही लिहिलेलं असेल आणि ते दोन सेकंदांत गायब होत असेल, तर लोक वाचायलाच मागे येतायत हे उघड आहे. पुढच्या वेळी ती पट्टी मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा.

माणसं जिथून निघून जातात तिथे कार्ड त्या जागेवर टाकून उपयोग नाही, तोवर ती गेलेली असतात, दहा-पंधरा सेकंद आधी टाका. समजा उकड मळताना ५:०० ला उतार आहे, बहुतेक कोणाची तरी उकड फाटतेय आणि ते दुसरीकडे उत्तर शोधायला निघालेत, तर ४:४५ ला "उकड फाटली तर काय करायचं" या तुमच्याच व्हिडिओचं कार्ड द्या. शक्यतो जिथे तोंडाने तसा उल्लेख केलाय तिथेच, कारण नुसतं कोपऱ्यात आलेलं कार्ड कोण बघतंय! एका व्हिडिओत ५ कार्डं देता येतात म्हणून पाचही द्यायलाच हवीत असं नाही.

आणि पाकळ्या पाडतानाचा भाग मोकळा सोडा. तिथे ना कार्ड, ना सबस्क्राइबची घंटा. लोक तेच बघायला आलेत, तिथून त्यांना दुसरीकडे पाठवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

५. एंड स्क्रीन

ती शेवटच्या ५ ते २० सेकंदांत बसते, व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो, नेहमीच्या आडव्या व्हिडिओत ४ एलिमेंट (व्हिडिओचा चौकोन, सबस्क्राइबचं बटण वगैरे) मावतात. "चला तर मग, भेटूया पुढच्या रेसिपीत" म्हटलं की ग्राफ कसा धाडकन आपटतो ते एकदा बघाच! म्हणून एंड स्क्रीन निरोपाच्या आधी सुरू करा, मोदकाचं ताट दाखवत असताना, आणि शूट करतानाच फ्रेममधे दोन चौकोनांची जागा रिकामी ठेवा. एंड स्क्रीन चालू असताना कार्डाचे टीझर (कोपऱ्यात येणारी छोटी सूचना) दिसत नाहीत, त्यामुळे तिथे कार्ड वाया जातं.

६. एका वेळी एकच बदल

कार्ड सरकवलं की तारीख लिहून ठेवा, एंड स्क्रीनला त्याच दिवशी हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. काही दिवसांनी कार्डाचा क्लिक रेट बघा, आणि सोबत त्याच जागेचा ग्राफही, कारण क्लिक वाढले पण अर्धी जनता तिथूनच बाहेर पडायला लागली असेल तर ते कार्ड आणखी शेवटाकडे न्यायला हवं. आणि हे सगळं लॅपटॉपवर कितीही छान दिसलं तरी एकदा फोन हातात घेऊन बघा, सबटायटल चालू करून, तुमची मापांची पट्टी त्याखाली झाकली जात असेल तर पुढच्या व्हिडिओत ती वर घ्या.