पैदाशीचा मेंढा कळपात सोडताना या चुका टाळा

मेंढ्या गाभडल्या की आधी चाऱ्यावर संशय, मग पाण्यावर. मेंढ्याकडे कोणी बघतच नाही, कारण तो धडधाकट दिसतो. काही विषाणू त्याच्या वीर्यातून पसरतात आणि वीर्य नुसतं बघून काहीच कळत नाही.

अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) निगेटिव्ह म्हणजे मेंढा निरोगी, असं धरून चालणं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओळखीच्या एका पशुपालकाने देखणा तरुण मेंढा आणला. बॉर्डर डिसीज या मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगाची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह होती, म्हणून लगेच कळपात सोडला. मेंढ्या गाभ न राहता पुन्हा पुन्हा माजावर येऊ लागल्या, काही मेंढ्या गाभडल्या. जी कोकरं जगली त्यांतली कित्येक थरथरत होती आणि त्यांच्या अंगावर लोकरीऐवजी राठ केस होते. मग मेंढ्याच्या रक्ताची पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी केली, तर विषाणू ठासून भरलेला.

असं होतं, कारण गर्भावस्थेच्या पहिल्या साधारण दोन महिन्यांत हा विषाणू गर्भापर्यंत पोचला, तर कोकराचं शरीर त्याला परका मानतच नाही. अँटिबॉडी बनत नाहीत आणि ते जन्मभर विषाणू सोडत राहतं. असा नर मोठा झाला की वीर्यातूनही सोडतो. लस देऊन तो बरा होत नाही, त्याला कळपातून काढावंच लागतं. म्हणून मी अँटिबॉडी आणि विषाणू, दोन्ही तपासण्या मागतो. कोकरू लहान असेल तर थांबून पुन्हा तपासतो, कारण चिकातून आलेल्या अँटिबॉडी विषाणू झाकून ठेवू शकतात.

ताप उतरला की लगेच कामाला लावणं. नीलजिव्हा (ब्लू टंग) हा ताप आणणारा विषाणूजन्य रोग. ती मुख्यतः क्युलिकॉइड्स या बारीक माशांमुळे पसरते, पण रक्तात विषाणू असताना तो वीर्यातही उतरू शकतो. शिवाय तापाने शुक्राणू खराब होतात आणि नवे तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. मी दोन महिने नर बाजूला ठेवतो. लोकांना हे फार वाटतं. घाई करणाऱ्यांचा हंगाम रिकामा गेलेला मी पाहिलाय, त्यामुळे यात तडजोड नाही.

गोठवलेलं वीर्य सुरक्षित समजणं. द्रव नायट्रोजनमध्ये विषाणूही टिकतो आणि वीर्यात मिसळलेली प्रतिजैविकं फक्त जिवाणूंवर चालतात. तपासणी नराचीच हवी.

वृषण न चाचपणं. मेडी-विस्ना या मेंढ्यांच्या हळूहळू वाढणाऱ्या रोगाचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. तो मुख्यतः चिकातून आणि श्वासातून पसरतो, पण अंडकोषाजवळ सूज असली की वीर्यात या पेशी वाढतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूही. गाठ किंवा सूज हाताला लागली तर तो मेंढा मी नाकारतो.

उसना मेंढा. आणू नका. आणलाच, तर तपासणीचे निकाल हातात येईपर्यंत वेगळा बांधा. इंद्रियाच्या कातडीवर खपल्या असतील तर सोडूच नका, ओर्फ हा कातडीचा विषाणूजन्य रोग असू शकतो. तो माणसालाही होतो, म्हणून मेंढा उलटा करून तपासताना हातमोजे घाला.