खुराड्यातला लाल माइट: औषध आणण्याआधीची तयारी

औषध कोंबडीला नाही, खुराड्याला द्यायचं आहे, हे पक्कं धरूनच कामाला लागा. लाल माइट हा अगदी बारीक किडा दिवसभर फटींत दडून बसतो आणि रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितो. म्हणून आधी हवी चांगली बॅटरी. अंधार पडून तासभर झाला की आत जाऊन बसायच्या दांडीच्या खालच्या अंगावर पांढरा कागद घासा. त्यावर लाल रेघ उमटली की शंका संपली. दांडी बांबूची असेल तर पेरं आणि पोकळ तोंडं निरखा. राख सांडल्यासारखं दिसेल, आणि जरा बघत राहिलात की ती राख चालायला लागेल. भरदिवसा गुदद्वाराजवळच्या पिसांत काळपट घाण आणि हलते किडे दिसले, तर तो दुसऱ्या जातीचा माइट. तो पक्ष्यावरच राहतो, त्याचा इलाज वेगळा. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

दिवस उघडिपीचा निवडा, काम सकाळीच सुरू करा. कोंबड्यांसाठी सावलीत जाळीचा आडोसा आदल्या दिवशीच करून ठेवा. खुडूक बसलेली कोंबडी असेल तर पिल्लं निघायची वाट बघू नका. रात्रंदिवस एका जागी बसल्यामुळे सगळ्यात जास्त रक्त तिचंच जातं. नवी पाटी, कोरडं तूस तयार ठेवा आणि संध्याकाळी अंड्यांसकट तिला हलवा.

सफाईला हे जवळ ठेवा: खुरपं, तारेचा ब्रश, जुनं तूस भरायला गोण्या, भिंतींना चुना. बांबूची जुनी दांडी धुण्यात वेळ घालवू नका, जाळा आणि नवी आणा.

औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच घ्या. एका लिटर पाण्याला किती, अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत आणि दुसरी फवारणी कधी, हे तिन्ही लिहून घ्या. कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक मारायचा मोह आवरा. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरलं गेलं. ते अंड्यांत उतरलं आणि युरोपभर लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. तणनाशकाचा पंप वापरू नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. खाद्याची-पाण्याची भांडी आधी बाहेर काढा.

दुसऱ्या फवारणीचं औषध पहिल्याच खेपेला आणा. पहिल्या फवारणीतून माइटची अंडी वाचतात आणि उष्ण हवेत साधारण आठवड्यात नवी पिढी रक्त प्यायला तयार होते. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून भागेल असं पुष्कळांना वाटतं. पण रक्ताविना हा किडा कित्येक महिने तग धरतो.

चिमण्या-पारव्यांची रिकामी घरटी वळचणीला असतील तर तीही काढा, माइट तिथूनही येतो. बाजारातून आणलेल्या कोंबड्या थोडे दिवस वेगळ्या ठेवायला एक जास्तीचं डालगं लागेल. काम उरकलं की अंगावरचे कपडे थेट कढत पाण्यात टाका, नाहीतर रात्री खाज तुम्हाला सुटेल.